डिस्क मेली नव्हती, उपाशी होती!

दोस्तांनो, परवा संध्याकाळी शेजारची आठवीतली मुलगी रडवेल्या चेहऱ्याने आमच्या दारात उभी राहिली. "काका, हार्ड डिस्क मेली! आजोबांच्या पंचाहत्तरीचे सगळे फोटो तिच्यात आहेत. दुसरीकडे कुठेच नाहीत!"

मी लगेच गेलो. टेबलावर लॅपटॉप होता. त्याला चार तोंडांचा यूएसबी हब लावलेला, आणि हबला काय काय? माऊस, कीबोर्ड, वाचायचा छोटा दिवा आणि ती हार्ड डिस्क. डिस्कमधून टिक्‌-टिक्‌ असा आवाज येत होता. पडद्यावर ती क्षणभर दिसायची आणि लगेच गायब व्हायची.

तुमच्या घरीही असं कधी झालंय का? मग घाबरू नका. आधी हा हब काय करतो ते समजून घेऊ.

यूएसबी म्हणजे 'युनिव्हर्सल सीरियल बस'. ती १९९६ साली आली. त्याआधी माऊसला एक खाच, प्रिंटरला दुसरी, असा सगळा पसारा असायचा. तो आवरण्यासाठी इंटेल कंपनीत ज्यांनी पुढाकार घेतला, त्यांत बडोद्याला शिकलेले अजय भट्ट हे इंजिनिअर होते. या एकाच वायरीतून माहितीही जाते आणि वीजही. घोळ होतो तो विजेचा.

चाळीतला एकच नळ डोळ्यांसमोर आणा. त्याला चार नळ्या जोडल्या म्हणून पाणी चौपट येतं का? नाही ना! आहे तेच पाणी चौघांत वाटलं जातं. हबचंही तसंच आहे. हब तोंडं वाढवतो, वीज वाढवत नाही.

आता थोडं गणित. यूएसबी २.० च्या पोर्टमधून ५ व्होल्टची वीज मिळते आणि करंट जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर. यूएसबी ३.० च्या पोर्टमधून ९०० मिळतो. या खाचेच्या आत बहुतेक वेळा निळं प्लास्टिक असतं. आमच्या या मुलीचा हब २.० चा होता. अशा हबच्या स्वतःसाठी १०० धरायचे. उरले ४००. चार तोंडांना प्रत्येकी १००! माऊस आणि कीबोर्ड तेवढ्यात खूश. पण हार्ड डिस्कच्या आत खरीखुरी मोटार असते. ती सुरू होताना तर नेहमीपेक्षा बराच जास्त करंट ओढते. शंभरात तिचं काय होणार? मोटार फिरायला लागते, दमते, थांबते, पुन्हा प्रयत्न करते. म्हणून ती टिकटिक!

मग आम्ही काय केलं? एकेक पायरी बघा.

१. हबवरचं सगळं काढलं आणि डिस्क थेट लॅपटॉपला लावली. टिकटिक थांबली, फोटो दिसले! म्हणजे डिस्क ठणठणीत होती.

२. लॅपटॉपच्या दुसऱ्या पोर्टला हब लावून त्यावर एकेक वस्तू जोडली. कुठल्या वस्तूला गाडं अडतं ते अशाने नेमकं कळतं. सगळं एकदम जोडलं तर चोर सापडत नाही.

३. वायर बदलून पाहिली. लांब आणि बारीक वायर स्वतःच वीज खाते. समजा, वायरचा जाण्यायेण्याचा रोध मिळून अर्धा ओहम आहे आणि करंट अर्धा अँपिअर आहे. ओहमच्या नियमाने गुणाकार करा. पाव व्होल्ट वाटेतच गेला! म्हणून वायर आखूड आणि जाड बरी.

४. डिस्क थोडा वेळ चालून मग गायब होत असेल, तर लॅपटॉपची वीज वाचवण्याची सोय तपासा. विंडोजमध्ये 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये 'यूएसबी रूट हब' सापडेल. वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायला परवानगी, अशा अर्थाची खूण तिथे असते. मोठ्या माणसांना विचारून ती काढून पाहा.

एवढं करूनही पुष्कळ वस्तू एकदम लावायच्याच असतील, तर स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्यावा. तो वीज भिंतीवरच्या प्लगमधून घेतो, लॅपटॉपकडे मागत नाही.

पण एक सावधगिरी! पिन बसली म्हणून कुठलाही अडॅप्टर खुपसू नका. एकसारखी दिसणारी पिन ५ व्होल्टची असते, तशी १२ व्होल्टचीही. हबवर लिहिलेले व्होल्ट आणि अडॅप्टरवरचे व्होल्ट तंतोतंत जुळलेच पाहिजेत. अडॅप्टर उघडायचा तर विचारही नको. आत २३० व्होल्ट येतात.

आणि डिस्क थेट लावूनही टिकटिकतच राहिली तर? मग पुन्हा पुन्हा लावून बघू नका, तिचं आणखी नुकसान होऊ शकतं. ती बाजूला ठेवा आणि जाणकाराकडे न्या.

आमच्या मैत्रिणीने फोटो लॅपटॉपवर उतरवले, वर एका पेन ड्राइव्हवरही घेतले. मगच आईला बातमी सांगितली! खरं तर तिची मोठी चूक हबची नव्हतीच. आजोबांचे फोटो एकाच ठिकाणी ठेवणं ही होती. आई-बाबा, हे तुमच्यासाठीही बरं का!

आता तुमचं काम. घरातल्या यूएसबीच्या वस्तू गोळा करा. ज्यांच्यावर आकडे छापले आहेत ते भिंग घेऊन वाचा. कुठे ०.५ ए असं लिहिलेलं असेल, म्हणजे ५०० मिलिअँपिअर. वहीत बेरीज करा, हबचे १०० त्यात मिळवा. उत्तर ५०० च्या वर गेलं, तर कोणाला पंगतीतून उठवायचं ते तुम्हीच ठरवा!