मोटारीचें मडगार्ड : घरच्या घरीं

मृग नक्षत्र लागलें कीं शहरांतील मोटारींचें रूप आठवड्याभरांत पालटतें. दारांच्या खालच्या कडेवर चिखलाचे पट्टे उमटतात, मागच्या बंपरावर तांबडे-काळे शिंतोडे वाळून बसतात, आणि सकाळीं धुतलेली गाडी संध्याकाळीं पुन्हां तशीच घरीं येते. दिसणारी घाण धुऊन जाते. तिचें फारसें दुःख करण्याचें कारण नाहीं. खरें नुकसान न दिसणाऱ्या जागीं होत असतें. चाकावरील कमानीची पत्र्याची कड आंतल्या बाजूस दुमडलेली असते. त्या दुमडींत चिखल जाऊन बसतो व ओल धरून ठेवतो. आणि उडालेल्या खड्यांनीं जेथें रंगाची कपची निघाली असेल तेथें पत्रा गंजूं लागतो. समुद्रकांठच्या गांवीं हवेंतील क्षार या कामीं हातभार लावतात. रंगाखालीं फुगा दिसूं लागतो, तोंपर्यंत आंतला पत्रा बहुधा पोखरलेला असतो.

याच्या प्रतिबंधाचा एक स्वस्त उपाय म्हणजे चाकामागें लोंबणारा रबराचा किंवा प्लॅस्टिकचा तुकडा. त्यास बाजारांत मडगार्ड म्हणतात, मडफ्लॅपही म्हणतात. कित्येक गाड्या कारखान्यांतून त्यावांचूनच बाहेर पडतात व तो मागाहून बसवून घ्यावा लागतो. हें काम इतकें साधें आहे कीं, ज्याला घरांतील दाराची कडी नीट बसवितां येते त्याला तें एका सकाळीं करतां यावें.

चाकाचा चिखल अडविण्याची युक्ति मोटारीहून जुनी आहे. घोड्याच्या टापांनीं उडणारा चिखल बसणाऱ्यांच्या अंगावर येऊं नये म्हणून पाश्चात्य घोडागाड्यांना पुढें एक फळी असे. तिलाच इंग्रजींत डॅशबोर्ड म्हणत. घोडा गेला, फळीचें नांव राहिलें, आणि आज त्या नांवाखालीं वेगाचे व पेट्रोलचे कांटे बसले आहेत! १९०८ सालीं अमेरिकेंत निघालेल्या फोर्डच्या ‘टी’ मॉडेलास चारही चाकांवर पत्र्याचीं स्वतंत्र मडगार्डें होतीं, व दोन्ही बाजूंस त्यांना जोडणारी पायफळी होती. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारीचें अंग रुंद होत गेलें. मडगार्डें त्यांत विरून गेलीं आणि पायफळीही गेली. गाडी देखणी झाली खरी, परंतु पूर्वीं पायफळी जो चिखल झेलीत असे तो आतां सरळ दाराच्या उंबऱ्यावर येऊं लागला.

हा चिखल उडतो कसा, हें पाहिल्याखेरीज मडगार्ड कोठें व किती लांब असावें हें नीट कळणार नाहीं. गाडी ताशीं ६० किलोमीटर वेगानें धांवत असतां टायरचा जमिनीला टेकलेला भाग त्या क्षणापुरता स्थिर असतो, आणि अगदीं वरचा भाग रस्त्याच्या मानानें ताशीं १२० किलोमीटर वेगानें पुढें जात असतो. ३० सेंटिमीटर त्रिज्येच्या टायरला या वेगांत चिकटून राहावयाचें, तर चिखलाच्या गोळ्याला स्वतःच्या वजनाच्या सुमारें ९० पट ओढ सोसावी लागते. ती त्याच्यानें सोसवत नाहीं आणि तो सुटतो. जमीन सोडतांच सुटलेला गोळा मागें व किंचित् वर जातो, चाकाच्या मागील अंगास येऊन सुटलेला सरळ वर कमानींत जातो, आणि या दोहोंमधल्या जागीं सुटलेले तिरपे मागें जाऊन उंबऱ्यावर, दारावर किंवा बंपरावर आदळतात. हे तिरपे गोळेच मडगार्डानें अडवावयाचे असतात. वेग निम्मा केला तर ओढ चौथाईवर येते, ही गोष्टही ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

बाजारांत दोन प्रकार मिळतात. एक, विशिष्ट मॉडेलच्या कमानीला बेतून केलेलें टणक प्लॅस्टिकचें. दुसरा, कोणत्याही गाडीला चालावा म्हणून केलेला सपाट रबरी तुकडा. पहिल्याचीं भोंकें बहुधा गाडीच्या मूळच्या भोंकांशीं जुळतात. दुसऱ्यासाठीं पुष्कळदां नवीं पाडावीं लागतात. दोन्हींत निवड करावयाची असेल तर पहिलाच घ्यावा. गंज टाळण्यासाठीं पत्र्याला नवें भोंक पाडणें म्हणजे चोर येऊं नये म्हणून भिंतीला खिंडार पाडण्यासारखें आहे.

कामाला कोरडा दिवस व सपाट जागा पाहावी. मे महिना त्यास उत्तम. हँडब्रेक ओढून, गाडी गिअरमध्यें ठेवून चाकांना पुढून-मागून दगड लावावे. नंतर कमानीची आंतली बाजू पाण्यानें स्वच्छ धुवून पूर्ण वाळूं द्यावी. ही पायरी उत्साहाच्या भरांत गाळली जाते आणि तीच सर्वांत महत्त्वाची असते. कारण मागच्या वर्षाचा चिखल आंत ठेवून वर मडगार्ड बसविलें, तर गंजाला आपण होऊन घर बांधून दिल्यासारखें होतें. कोठें रंग उडालेला दिसला तर तेवढी जागा घासून प्रायमर व रंग लावावा.

पुढच्या चाकापासून आरंभ करावा. चाकामागची पोकळी मोकळी होईल अशा बाजूस स्टिअरिंग पूर्ण वळविलें म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर आंत जाण्यास वाव मिळतो. कमानीच्या आंत प्लॅस्टिकचें एक अस्तर असतें व तें कांहीं स्क्रूंनीं किंवा क्लिपांनीं बसविलेलें असतें. मडगार्डाचीं भोंकें ज्यांच्याशीं जुळतील तेवढेच स्क्रू काढावे. सगळे एकदम काढल्यास अस्तर सुटून लोंबूं लागतें व पुन्हां जागीं बसवितांना नाकीं नऊ येतात. मडगार्ड जेथें रंगावर टेकतें तेथें आधीं पारदर्शक चिकटपट्टी लावावी, म्हणजे मध्यें शिरलेली वाळू रंग घासून काढणार नाहीं. मग सर्व स्क्रू हातानेंच अर्धवट फिरवून घ्यावे, दूर उभें राहून मडगार्ड सरळ लोंबतें कीं नाहीं तें पाहावें, आणि नंतरच ते एकामागून एक आवळावे. प्लॅस्टिकला जोर सोसत नाहीं. करकचून आवळलेला स्क्रू त्याच दिवशीं नव्हे, पण पहिल्या थंडींत तडा दाखवितो.

मागच्या चाकाला वळविण्याची सोय नसल्यामुळें तेथें आंखूड स्क्रू-ड्रायव्हर लागतो, किंवा चाक काढावें लागतें. चाक काढावयाचें झाल्यास नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखालीं अंगाचा कोणताही भाग जातां कामा नये. भोंक पाडणें अगदींच अपरिहार्य झालें तर पत्र्यामागें ब्रेकची नळी किंवा विजेची तार नाहीं याची आधीं खात्री करून घ्यावी, आणि भोंकाच्या उघड्या कडेला प्रायमर लावून तो वाळल्यावरच स्क्रू बसवावा. रबरी तुकडा सायलेन्सरपासून दूर असावा.

आतां तपासणी. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहावें. टायर कोठेंही मडगार्डाला घासतां कामा नये. घरच्या चार-पांच माणसांना गाडींत बसवून हीच परीक्षा पुन्हां घ्यावी, कारण वजनानें गाडी खालीं दबते व मोकळी दिसलेली जागा नाहींशी होते. (मुलांना हा भाग फार आवडतो.) मडगार्ड लांब असावें हा मोह आवरावा. तें गतिरोधकाला घासतें, आणि गाडी मागें घेतांना फुटपाथच्या कडेला किंवा मातीच्या ढिगाला अडकून टायरखालीं ओढलें जातें. अशा वेळीं तें एकटें न जातां अस्तरही घेऊन जातें.

मडगार्डापासून अपेक्षा किती ठेवावी? मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या तोंडावर उडणारें पाणी व खडे त्यानें पुष्कळ कमी होतात. डबक्यांतून जातांना बाजूला फांकणारें पाणी मात्र त्यानें अडत नाहीं. तें टायर दोहों बाजूंस रेटून देतो आणि मडगार्ड चाकाच्या मागें असतें. पदपथावरून शाळेंत निघालेल्या मुलाचा गणवेश कोरडा राहणें हें सर्वस्वीं चालकाच्या पायावर अवलंबून आहे.

बसविल्यावर पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरनंतर स्क्रू एकदां तपासावे. धक्क्यांनीं ते सैल होतात. पावसाळ्यांत पंधरा दिवसांनीं एकदां मडगार्ड व पत्रा यांमधल्या फटींत पाण्याची धार सोडावी. घांटावरची काळी माती येथें घट्ट बसते व पुष्कळ दिवस ओली राहते. कोंकणची जांभ्याची तांबडी माती लवकर निघते, पण तिचे बारीक कण रंगाला घासतात. दसऱ्याला गाडी पूजेसाठीं धुतली जाते, त्या आदल्या दिवशीं चारही मडगार्डें सोडवून, मागचा पत्रा पुसून व पाहून, पुन्हां बसवावीं.