लोखंडाच्या अंगावरच्या खुणा

ओहोटी लागली की अलिबागच्या किनाऱ्यावरून पायी कुलाबा किल्ल्यात जाता येतं. तिथे चाकांच्या गाड्यांवर दोन इंग्रजी तोफा उभ्या आहेत. साल १८४९, कारखाना यॉर्कशायरचा लो मूर. येणारेजाणारे तोफेवर पोरं बसवून फोटो काढतात. मॉडेलं करणारा माणूस मात्र वाकून लोखंडापाशी नाक नेतो. घरी टेबलावर त्याचा जुना, रिमोटवर चालणारा रणगाडा उघडून पडलेला असतो, आणि ओतीव लोखंडाची कातडी कशी दिसते ते त्याला हवं असतं.

या मॉडेलांचं ठरलेलं प्रमाण एकास सोळा. आपल्या लष्करात एकेकाळी असलेला सेंच्युरियन रणगाडा सुमारे ३.४ मीटर रुंद. मॉडेल २१ सेंटिमीटर, म्हणजे वीतभर. खरी गंमत वजनात आहे. लांबी, रुंदी, उंची तिन्ही सोळा पटींनी घटतात, म्हणून वजन घटतं ४,०९६ पटींनी. ५२ टनांचा सेंच्युरियन साडेबारा किलोंवर येतो! प्लॅस्टिकचं मॉडेल भरतं जेमतेम चार-पाच किलो, म्हणून खडा आला की ते टुणकन उडतं. शौकीन धातूचे पट्टे बसवतात ते यासाठीच. गाडी जड होते, डुलत चालते.

जुनं मॉडेल बोडकं का दिसतं? दोष साच्याचा. पोलादी साच्याच्या दोन भागांत वितळलेलं प्लॅस्टिक दाबानं भरतात आणि साचा सरळ उघडतात. उघडताना अडकेल असा आकार चालत नाही. त्यामुळे झाकणावरची मूठ म्हणजे भरीव ढेकूळ. खाली बोट घालायला जागाच नाही. डागडुजी इथूनच सुरू होते. ढेकूळ पात्यानं खरवडायचं, दोन भोकं पाडायची, एक मिलिमीटरची पितळी तार वाकवून बसवायची. सोळानं गुणलं की ती सोळा मिलिमीटरची सळई. मुठीखालून उजेड आरपार दिसला की अख्खी गाडी खरी वाटू लागते.

मग टरेट, म्हणजे रणगाड्याचा फिरता बुरूज. वाळूच्या साच्यात ओतलेलं पोलाद खरबरीत असतं. मॉडेलवर तेच साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत. पुट्टी थिनरमध्ये पातळ करून, ताठ ब्रशनं टोचत टोचत लावली की ओतकामाचा पोत उमटतो. वेल्डिंगच्या शिवणीसाठी एम-सीलची दोऱ्याएवढी वळी करायची आणि ओली असतानाच सुरीच्या टोकानं एकेक चंद्रकोर दाबत जायची.

१९४३-४४ सालच्या जर्मन रणगाड्याचं मॉडेल असेल तर आणखी एक नवल. चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून खऱ्या रणगाड्यांना रेघोट्यांचा लेप देत. चुंबक पोलादापासून थोडासा जरी दूर राहिला, तरी त्याची ओढ झपाट्यानं कमी होते. मॉडेलवर तो लेप पुट्टीवर दातेरी पट्टी ओढून करतात. अलिबागकराला हे चुंबकाचं सोवळंओवळं ओळखीचं वाटावं. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, मोजमापं बिघडणार, म्हणून मुंबईतल्या कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली अलिबागला आली, आणि तिच्या बांधकामात लोखंड कटाक्षानं टाळलं. तिथे लोखंडापासून चुंबक जपायचा. इथे चुंबकापासून लोखंड.

अस्सल नमुना पाहायचा तर अहमदनगर, आताचं अहिल्यानगर गाठावं. तिथलं रणगाडा संग्रहालय १९९४ पासून आहे. १९७१ च्या बसंतरच्या लढाईत पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल ज्या सेंच्युरियनमध्ये लढता लढता पडले, तो ‘फामागुस्ता’ही नगरच्या आर्मर्ड कोअरच्या केंद्रात जपला आहे. त्याच्यासमोर उभं राहिल्यावर मूठ, शिवण, खरबरीत पोलाद यांचा अर्थ बदलतो. त्या मुठी धरून माणसं आत उतरली होती.

शेवटचा हात रंगाचा. पातळ काळपट तेलरंग फिरवला की तो आपोआप खाचांमध्ये पळतो, उंचवटे उजळ राहतात, आणि एवढा वेळ केलेलं बारीकसारीक काम एकदम वर येतं. दोन संध्याकाळींचं हे काम. कुलाबा किल्ल्यातल्या तोफांवर तेच काम खारा वारा पिढ्यान् पिढ्या करतो आहे.