पीसी बंद पडतोय, नेट तुटतंय : बिघाड शोधणं हेही संशोधनच



पीएचडीचं बरंचसं काम घरच्या कॉम्प्युटरवर होतं. रात्री सिम्युलेशन लावून झोपायचं, सकाळी बघावं तर मशीन मधेच रिस्टार्ट झालेलं आणि नेटही गायब! हातकणंगल्यात काय किंवा शेजारच्या इचलकरंजीत काय, लाइटचा खेळ आणि वळवाचा पाऊस आपल्याला नवीन नाही. अशा वेळी जो तो सांगतो, "विंडोज परत टाक." थांबा. त्यात पुरावा पुसला जातो आणि एकदम पन्नास गोष्टी बदलतात. दुरुस्त झालं तरी कशामुळे झालं ते कळत नाही.

आधी बॅकअप, मग नोंद

डेटा दुसऱ्या डिस्कवर घ्या. मग वहीत लिहा : तारीख, वेळ, काय चालू होतं, लाइट लुकलुकली का. आता इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'सिस्टीम' लॉग उघडा. तिथे 'कर्नल-पॉवर ४१' दिसलं की लोक लगेच नवीन एसएमपीएस आणतात. पण ४१ एवढंच सांगतं, की मशीन नीट बंद झालं नव्हतं. ते लक्षण आहे, कारण नव्हे. त्याच्या तपशिलात 'बगचेक कोड' बघा. तो शून्य असेल तर विंडोजला काही लिहायला वेळच मिळाला नाही. मग संशय वीजपुरवठा, एसएमपीएस किंवा तापमानावर. शून्य नसेल तर निळी स्क्रीन आली होती. विंडोजच्या फोल्डरमधली मिनीडंप फाइल तपासा. नेटवर्क कार्डाचा बिघडलेला ड्रायव्हरसुद्धा निळी स्क्रीन आणू शकतो.

एका वेळी एकच बदल

फक्त जड काम चालू असतानाच बंद पडतंय? पंख्यातली धूळ आणि तापमान बघा. केव्हाही, कशावरही पडतंय? रॅमची एकच पट्टी ठेवून चालवा, मग दुसरी. रात्रभर मेमटेस्ट लावा. दोन बदल एकदम केले, की प्रयोग वाया गेला समजा.

नेटची शिडी

वाय-फाय बाजूला ठेवून केबल लावा आणि पायरीपायरीने पिंग करा.

१. १२७.०.०.१ : इथे फक्त सॉफ्टवेअर तपासलं जातं, कार्ड नाही.
२. राउटरचा पत्ता : इथे पॅकेट हरवत असतील तर दोष घरातच; केबल, पोर्ट किंवा कार्ड.
३. ८.८.८.८ : राउटर उत्तर देतो पण हा देत नाही, तर बहुधा दोष बाहेरच्या लाइनचा. आता ऑपरेटरला फोन करा.
४. एखाद्या साइटचं नाव : आकडा चालतो, नाव चालत नाही, म्हणजे डीएनएस.

अजून एक खूण. दोन्हीकडचे पोर्ट गिगाबिट असून वेग १०० एमबीपीएस दाखवत असेल, तर केबल बघा. गिगाबिटला तारांच्या चारही जोड्या लागतात, शंभरला दोनच पुरतात. एखादी तार तुटली तरी नेट 'चालतं', म्हणून कुणाला शंका येत नाही.

विजेचा कडकडाट झाल्यानंतर क्रॅश आणि नेट दोन्ही सुरू झालं असेल, तर कारण एकच असू शकतं. फायबरची काच वीज वाहून नेत नाही, पण गच्चीवरून आलेली तांब्याची लॅन केबल नेते. यूपीएस असला तरी त्या वाटेने झटका पोर्टातून आत येतो. म्हणून ढग गडगडले की प्लगबरोबर केबलही काढा.

खरा धोका क्रॅशचा नाही

बंद पडणारं मशीन निदान ओरडून सांगतं. गप्प राहून चुकीचा आकडा देणारं मशीन जास्त वाईट. २००३ साली बेल्जियममधल्या स्कारबेक इथे एका उमेदवाराला ४०९६ मतं जास्त दिसली. ४०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात. मेमरीतला एक बिट उलटला असावा असं मानलं गेलं. तिथे त्या उमेदवाराला इतकी मतं पडणं शक्यच नव्हतं, म्हणून चूक सापडली. तुमच्या तक्त्यातला आकडा शक्य कोटीतला वाटला, तर कोण पकडणार?

म्हणून मशीन दुरुस्त झालं की त्या आठवड्यातले रन परत चालवा आणि जुन्या निकालांशी ताडून बघा. जुळले तरच ते आकडे प्रबंधात घ्या.