गाडीची घाई आणि मालकाची जबाबदारी

राहात्याची डाळिंबे वाशीच्या बाजारात पहाटेच्या लिलावाला लागली तर भाव मिळतो, उशीर झाला की माल पडून राहतो. म्हणून गाडी भरताना आपण ड्रायव्हरला हमखास बजावतो, "काहीही कर, अमुक वाजता पोहोच." हे वाक्य मालकाला महाग पडू शकते. कसे, ते पाहू.

पूर्वी पोलीस रडार गन घेऊन उभे राहत. ती गन फक्त त्या क्षणाचा वेग सांगते. पोलीस दिसला की ब्रेक आणि पुढे गेले की पुन्हा रेस, हा खेळ आपल्या ड्रायव्हर मंडळींना तोंडपाठ आहे. सरासरी वेगाच्या तपासणीत तो चालत नाही. दोन ठिकाणचे कॅमेरे नंबर प्लेट वाचतात, वेळ नोंदवतात आणि मधल्या अंतराला त्या वेळेने भागतात. ताशी ८० च्या मर्यादेत १० किलोमीटरला साडेसात मिनिटे लागतात. गाडी सहा मिनिटांत पोहोचली तर सरासरी वेग १०० झाला, मग कॅमेऱ्याखाली ती कितीही सावकाश गेलेली असो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून अशी यंत्रणा आहे. (मध्येच चहाला थांबले तर सरासरी उतरते, हे खरे. पण मग घाई कशाची केली?)

आपल्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. ५ जून २०२५ रोजी त्याचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि शिर्डीहून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत सलग रस्ता मिळाला. तिथे टोल अंतराप्रमाणे घेतात, म्हणजे गाडी कधी शिरली आणि कधी निघाली याची नोंद आपोआप होते. शिर्डी ते आमणे सुमारे १८१ किलोमीटर. ताशी ८० ने मालट्रकला न थांबता सव्वादोन तास लागतात. पावणेदोन तासांत पोहोचलेल्या ट्रकचा वेग १०० च्या वर गेला, हे कोणताही हिशेबनीस सांगेल.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली. हलक्या वाहनाला १ ते २ हजार, मध्यम व जड वाहनाला २ ते ४ हजार रुपये दंड आहे. दुसऱ्यांदा सापडल्यास लायसन्स जप्त होते. आपण वाचतो तो एवढाच भाग. पण त्याच कलमात गाडी चालवणाऱ्याबरोबर नोकराकडून ती तशी चालवून घेणाराही गुन्हेगार धरला आहे. शिवाय वेग मोडल्याशिवाय जमणार नाही अशा वेळेत प्रवास संपवण्याचा हुकूम दिला असेल, तर तो हुकूम मालकाविरुद्ध सकृतदर्शनी पुरावा ठरतो. तोंडी सांगणे सिद्ध करणे अवघड, पण व्हॉट्सअॅपवरचा निरोप फोनमध्ये राहतो.

ई-चलनाचा संदेश गाडीच्या नोंदीतील मोबाईलवर येतो. नंबर बदलला असेल तर तो आधी नोंदवून घ्या. चलनावरचा फोटो आपल्याच गाडीचा आहे का, हेही पाहा.

रात्री ११ वाजता शिर्डीच्या इंटरचेंजवर चढलेला ट्रक आमणेला सव्वाच्या आधी मागू नये. तिथून वाशीपर्यंतच्या गर्दीचा वेळ वेगळा धरावा.