जपानमध्ये बाळ होणार? आधी वॉर्ड ऑफिस गाठा!

परवा योकोहामात नव्याने आलेल्या एका मैत्रिणीने हळूच विचारलं, "ताई, दिवस गेलेत. आता पुढे काय?" म्हणून ही पोस्ट.

डॉक्टरांनी गोड बातमी पक्की केली की वॉर्ड ऑफिसात नोंद करा. तिथे 'बोशी तेचो' म्हणजे आई-बाळाची आरोग्यवही फुकट मिळते. सोबत तपासण्यांची सवलतीची कुपनं. माझ्या वहीत माझ्या वजनापासून लेकीच्या लसींपर्यंत सगळं आहे.

बाळंतपण म्हणजे आजार नव्हे, म्हणून नॉर्मल डिलिव्हरी नेहमीच्या विम्यात बसत नाही. पण २०२३ पासून आरोग्य विम्यातून साधारण ५ लाख येन एकरकमी मिळतात.

तारखा पाळा. जन्मनोंद १४ दिवसांत, बाळाच्या व्हिसाचा अर्ज ३० दिवसांत. इथे जन्मलं म्हणून जपानी नागरिकत्व मिळत नाही. आईबाबा दोघं भारतीय असाल, तर वर्षाच्या आत भारतीय दूतावासात नोंद करून पासपोर्ट काढा.

आपल्याकडे नाळ पुरतात. मला मात्र घरी निघताना नर्सने ती जपायला इवलीशी लाकडी डबी दिली. अजून कपाटात आहे!

काही अडलं तर बिनधास्त विचारा.