एक वेढा मागे

ब्रशकटर, फवारणीचा पंप किंवा छोटा जनरेटर दुरुस्तीला येतो तेव्हा तक्रार बहुधा एकच असते : दोरी तुटली. माझं कुतूहल मात्र कित्येक वर्षं दोरीच्या मागे दडलेल्या चपट्या, गुंडाळलेल्या पोलादी पट्टीभोवती फिरतं आहे. ओढलेली दोरी परत आत नेणारी ती स्प्रिंग.

ती येण्याआधीचे हाल ओल एव्हिनरूडच्या इंजिनावर दिसतात. १८७७ साली नॉर्वेत जन्मलेला हा माणूस लहानपणीच अमेरिकेत आला आणि १९०९ च्या सुमारास मिलवॉकीत त्याने होडीच्या मागे अडकवायचं इंजिन विकायला काढलं. धंद्याची बाजू पत्नी बेसने सांभाळली. ते इंजिन चालू करायला फ्लायव्हीलवरची मूठ धरून चाक गरकन फिरवावं लागे. इंजिन पेटलं की मूठही चाकाबरोबर फिरे आणि हात वेळेत निघाला नाही तर बोटं सोलवटून निघत. पुढे कप्पीच्या खाचेत गाठ अडकवून दोरी गुंडाळायची पद्धत रुळली. त्यात बोटं वाचली, पण प्रत्येक फसलेल्या ओढीनंतर दोरी पुन्हा गुंडाळणं आलं. स्प्रिंगने तो व्याप संपवला.

मला सगळ्यात मोलाचं सापडलं ते याच मिलवॉकीच्या ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन कंपनीच्या जुन्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये. नवी दोरी घालण्याआधी कप्पी फिरवून स्प्रिंग पूर्ण आवळा, मग साधारण एक वेढा मागे सोडा, कप्पीचं भोक हाउसिंगच्या भोकासमोर आलं की दोरी ओवा, असं त्यात सांगितलं आहे. मागे सोडलेल्या या एका वेढ्यात सगळी मेख आहे. दोरी शेवटपर्यंत ओढली तरी स्प्रिंगमध्ये तेवढी सैल उरते, त्यामुळे झटका तिच्या आकड्यावर येत नाही. वेढा सोडलाच नाही तर आकडा तुटतो. फार सोडले तर मूठ बाहेर लोंबकळत राहते.

दोरीची लांबीही महत्त्वाची. रिळातून अंदाजाने कापलेली दोरी हातभर जास्त निघाली, तर ती पूर्ण आत गुंडाळायला स्प्रिंगची ओढ पुरत नाही आणि मूठ बाहेर लोंबकळते. दोष मात्र स्प्रिंगवर जातो. जाड दोरी कप्पीत मावत नाही, घासते. दोरी जिथून बाहेर येते त्या भोकाला धार आली असेल, तर नवी दोरीही तिथेच कातरली जाणार.

मूठ जागची हलतच नसेल तर स्टार्टर उतरवून, प्लग काढून फ्लायव्हील हाताने फिरवून पाहावं. ते अडलं तर दुखणं इंजिनात आहे. दोरी येते पण इंजिन फिरत नाही, तेव्हा कप्पीचे दात पकडत नाहीत. स्प्रिंगला हात लावताना मात्र चष्मा आणि हातमोजे हवेतच. सुटलेली पट्टी चेहऱ्यावर येते.

आता बरीच दुकानं अख्खा स्टार्टरच बदलतात. काम झटपट होतं हे खरं. पण दोन हात नायलॉन दोरीसाठी धडधाकट स्प्रिंग आणि कप्पी भंगारात टाकणं मला पटत नाही. शिवाय तो एक वेढा का सोडायचा, हे नव्या मुलांना शिकायलाच मिळत नाही. तेव्हा दुरुस्तीला देताना तुटलेल्या दोरीचे सगळे तुकडे मेकॅनिकच्या हाती द्या आणि ते जोडून मापानेच नवी दोरी कापायला सांगा.