मैदान, मंडळ आणि कार्यशाळा

नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी 1885 च्या सुमारास बारामती-इंदापूरच्या कोरड्या माळावर आले, त्यामागून ऊस आला, उसामागून वालचंदनगर, भवानीनगर आणि माळेगाव येथील कारखाने उभे राहिले; आणि ज्या मुलुखात शेतकऱ्याच्या मुलाला पाटाची पाळी आणि कारखान्याचा भोंगा ही दोन्ही घड्याळे पाळावी लागतात, तेथील माध्यमिक शाळेने केवळ शालान्त परीक्षेपुरते शिकवून भागणार नव्हते. महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी, कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली स्थापिलेली रयत शिक्षण संस्था आणि 1972 पासूनचे विद्या प्रतिष्ठान अशा भिन्न प्रकृतीच्या संस्था येथे शाळा चालवितात. परंतु शाळेचे खरे पाणी जोखावयाचे तर निकालाचा फलक बाजूस ठेवून आधी तिच्या मैदानावर जावे.

मैदानावर मान खो-खो, कबड्डी आणि कुस्ती यांचा. तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी चढणाऱ्या शालेय स्पर्धा चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील गटांत होतात, आणि खेळाडूंना पुढे शालान्त परीक्षेत नियमानुसार सवलतीचे गुणही मिळतात. खो-खोला साहित्य म्हणाल तर दोन खांब आणि चुन्याच्या रेषा. पण आठ गडी आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले, नववा पाठलागावर, आणि त्याने एकदा दिशा धरली की खांब गाठेपर्यंत मागे वळण्याची मुभा नाही, अशा कडक कायद्यात तेरा वर्षांची मुलगी क्षणार्धात जो निर्णय घेते, तो घ्यावयास मोठमोठ्या कचेऱ्यांना आठवडा लागतो. आषाढी वारीत तुकोबांची पालखी या वाटेने जाते, तेव्हा इंदापुरास कदम विद्यालयाच्या मैदानावर गोल रिंगण होते आणि जेथे एरवी कवायत चालते तेथे अश्व धावतात.

मंडळांविषयी थोडक्यात सांगतो. स्काउट-गाइड, 1948 च्या कायद्याने सुरू झालेली राष्ट्रीय छात्रसेना, हरित सेना, विज्ञान मंडळ आणि वाङ्मय मंडळ ही नावे बहुतेक शाळांच्या दप्तरी आढळतात. त्यांतील कित्येक पंधरा ऑगस्टपुरती जागी होतात, हेही खरे. वास्तविक इंदापूर तालुक्यातील हरित सेनेस निराळा विषय शोधण्याचे कारण नाही, कारण उजनी धरणाच्या फुगवट्यावर भिगवणजवळ हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, आणि ते मोजावयास वही व पेन्सिल पुरते.

खरी आस्था मला कार्यशाळेविषयी आहे. 1937 च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा आग्रह धरला, मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय शाळा सुचविल्या, कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली. आणि या सर्व विचारांचे सर्वांत व्यवहार्य रूप आपल्याच पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातील पाबळ येथे, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम स्थापून सिद्ध केले. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य आणि शेती-पशुपालन असे चार विभाग करून आठवीपासूनच्या मुलांनी आठवड्यातून एक दिवस हाताने काम करावे, गावाला उपयोगी पडेल अशी वस्तू बनवावी आणि तिचा जमाखर्चही लिहावा, अशी ती योजना आहे. तांत्रिक विद्यालयांतील जोडारीकामही असेच. व्हाइसमध्ये धरलेली लोखंडी पट्टी कानशीने घासावयाची, तिच्या कडेला गुण्या लावून उजेडाकडे धरावयाची, आणि मधून प्रकाशाची तिरीप दिसली की पुन्हा घासावयाचे; येथे उत्तर पाठ करून येणाऱ्याची डाळ शिजत नाही. पुढे अकरावी-बारावीस द्विलक्ष्यी अभ्यासक्रम आहेत, ज्यांत द्वितीय भाषा आणि एक ऐच्छिक विषय यांऐवजी पीकशास्त्र, दुग्धव्यवसाय अथवा विद्युत-देखभाल असा दोनशे गुणांचा विषय घेता येतो.

बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पियाजिओच्या तीनचाकी तयार होतात, वालचंदनगरात इस्रोच्या प्रक्षेपकांची आवरणे घडतात, शारदानगरला कृषी विज्ञान केंद्र आहे. इतका रोजगार दाराशी असता व्यवसायशिक्षण हे 'ढ' मुलांचे, ही समजूत आपल्या सुशिक्षित पालकांत अजून टिकून आहे. या समजुतीने कार्यशाळांचे जितके नुकसान केले, तितके खात्याच्या अपुऱ्या तरतुदीनेही केले नसेल. म्हणून पालकांस विनंती एवढीच, की मुलाच्या आठवीच्या प्रवेशअर्जावर सही करण्यापूर्वी शाळेची कार्यशाळा उघडावयास सांगावी आणि यंत्रांवर तेल आहे की धूळ, हे स्वतः हात लावून पाहावे.